राणीची बैठक

शाळांना सुट्टी लागली की वर्षातून एकदा मी माझ्या थोरल्या साडूंच्या बाथरूमच्या मोरीत कोपरापर्यंत हात घालतो. लोक सुट्टीत डोंगर बघतात, समुद्र बघतात. मी मेहुणीचे वर्षभराचे केस बघतो. साबणाच्या चिकट थरात गुंडाळलेला, बोटांना लगडणारा तो काळपट गोळा जाळीखालून बाहेर आला की असा वास सुटतो की पुढचे दोन दिवस ताटातल्या भातालाही तोच येत राहतो. मी प्लंबर आहे, एकवीस वर्षं हेच करतोय, म्हणून मला वासाची सवय झाली असेल असं सगळ्यांना वाटतं. वासाची सवय कुणालाच होत नसते. तोंड वाकडं न करण्याची होते, एवढंच.

क्रम ठरलेला. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि आमची मुलगी, पोचतो. चहा होतो. मग मेहुणी माझ्या बायकोला सांगते की बाथरूममधलं पाणी तुंबतंय गं. मला थेट सांगत नाही. बायको माझ्याकडे बघते आणि मी बाह्या वर करतो. काम झालं की दाराच्या फटीतून साबणाची वेगळी वडी आत येते आणि बाहेरून मेहुणीचा आवाज येतो, हात दोनदा धुवा हं. मग मी खिळ्याकडे बघतो. खिळ्यावर माझा टॉवेल असतो.

त्या टॉवेलचं सांगायला हवं. त्या घरात कुणीही कुणाच्याही टॉवेलला तोंड पुसतं, कसलाही धरबंध नाही. पण माझा टॉवेल वेगळा. करडा, खरखरीत, एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचे चार टाके. माझं लग्न झालं त्या वर्षी साडूंच्या आईने स्वतः बसून ते टाके घातले. मी मोरीत वाकलो होतो आणि झरोक्यातून स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू येत होतं. "गटारात हात घालतो ना तो," म्हातारी म्हणाली. "खूण केलेली बरी. चुकून आपल्यात यायचा." वर्षभर तो टॉवेल कपाटाच्या खालच्या फळीवर पडून असतो आणि आम्ही आलो की बाहेर निघतो.

आता साडूंविषयी. ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. बत्तीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, शिक्षकांच्या टेबलावर वेळेवर स्टँड नेऊन ठेवला. खडू कधी हातात घेतला नाही, कारण कुणी दिला नाही. मुलं त्यांना बाटलीमामा म्हणतात. शाळेत त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी म्हणतं, मामा, तो बर्नर आणा. ती सगळी अर्धी राहिलेली वाक्यं ते साठवून ठेवतात आणि सुट्टीत आम्हा नातेवाइकांवर पुरी करतात. म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव मास्तर. शर्टाच्या खिशात दोन पेनं, आम्लाने पिवळी पडलेली बोटं, आणि कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी "आता लक्ष द्या". मीठ कसं तयार होतं हे त्यांनी मला मी जेवत असताना तीनदा सांगितलंय. दर वेळी वीट आलाय.

त्यांच्या गावाजवळच्या टेकडीवर जुना किल्ला आहे. दुसऱ्या दिवशी तिकडे जाणं हेही ठरलेलं. त्या किल्ल्याचा इतिहास काय असायचा तो असो, मला दिसते ती घाण. पायऱ्यांवर केळ्याच्या साली, तोफेच्या तोंडात कोंबलेले कागदी पेले, दरवाजामागच्या कोपऱ्यात पिढ्यान्पिढ्यांचा मुताचा दर्प, आणि तशा कोपऱ्याला पाठ लावून फोटो काढणारी नटलेली माणसं. साडूंना यातलं काही दिसत नाही. ते ताठ मानेने पुढे चालतात आणि आम्हाला राजवाड्याच्या शेवटच्या खोलीत नेतात. तिथे राणीची बैठक आहे.

खोली अरुंद. बाहेरच्या तटबंदीला चिकटून, किंबहुना तटातून थोडी पुढे काढलेली. समोरच्या भिंतीलगत गुडघ्याएवढा उंच दगडी ओटा, आणि त्या ओट्यात दोन गोल भोकं, काठ झिजून गुळगुळीत झालेले. "राणीची बैठक" हे नाव साडूंना एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडून मिळालं. बाकीचं त्यांनी घरी बसून रचलं. राणी न्हाऊन इथे यायची, चपला बाहेर काढायची, या ओट्यावर बसायची. खालून गार वारा यायचा आणि त्या वाऱ्यावर तिचे केस वाळायचे. भोकं त्यासाठीच. त्या काळच्या लोकांचं डोकं बघा, असं म्हणून साडू आम्हा सगळ्यांना चपला काढायला लावायचे.

पहिल्या वर्षी मी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि एका नजरेत ओळखलं. ओट्याला ढाळ होता तो आतल्या बाजूला, भोकांकडे. भोकाखाली चिऱ्यांनी बांधलेली सरळ मोकळी वाट होती, आणि ती बाहेर कुठे उघडते हे मला न बघताही सांगता आलं असतं. ते बैठक म्हणतात, आमच्या धंद्यात तिला सीट म्हणतात, आणि आमच्या धंद्यात सीट म्हणजे एकच सीट. राणी तिथे बसत असेल यात मला शंका नव्हती. केस वाळवायला बसत नव्हती, इतकंच.

सांगायला तोंड उघडलंही होतं. पण आदल्याच दिवशी लाल टाके घातले गेले होते. मी तोंड मिटलं, चपला काढल्या आणि गंमत बघत उभा राहिलो. मेहुणीने त्या ओट्यावर कापड अंथरून डबे उघडले. पाव, उकडलेली अंडी, केळी. सगळे दाटीवाटीने बसले. म्हातारी म्हणाली, काय सुख वाटतं इथे, खालून कशी झुळूक येते. झुळूक खालूनच येणार होती. ज्यांना माझ्या हातांची किळस येत होती ते सगळे संडासात बसून अंडी सोलत होते, आणि ते बघताना मला जो गोडवा लागला तो कुठल्याच पक्वान्नाला नसेल. फक्त माझ्या बायकोला तिथे बसवून फोटो काढला तेव्हा तो गोडवा उतरला. गुडघा दुखतो असं सांगून दाराबाहेरच्या पायरीवर उभ्याउभ्या जेवलो. तेव्हापासून दर वर्षी माझा गुडघा त्याच दिवशी दुखतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायचा धीर होणार नाही. सात वर्षांपूर्वी म्हातारी शेवटची किल्ल्यावर आली. पाय सुजलेले, दोघांनी धरून वर आणली. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. ती बसली ती दोन भोकांच्या मध्ये, कडेला. मी म्हणालो, आई, जरा डावीकडे. ती सरकली. मी म्हणालो, अजून थोडं, हां, आता कसं बरोबर मध्यावर. भोकावर नेमकी बसवली मी तिला. तिला ती झुळूक लागली आणि ती हसली, आणि मीही हसलो, आणि बटण दाबलं. पुढच्या वर्षी ती नव्हती. तो फोटो मोठा करून साडूंनी घरी पुढच्या खोलीत दाराच्या वर लावलाय.

तर यंदा. मी मोरीत हात घालून बसलो होतो आणि साडू बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहून मोठ्याने वाचत होते. बातमी अशी होती की दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेने अखेर त्यांचं मागणं मान्य केलं होतं. सुट्टीतल्या शिबिराची म्हणून सोमवारी सातवीची सहल किल्ल्यावर जाणार आणि माहिती द्यायचं काम साडूंचं. यासाठी त्यांनी आजवर नऊदा अर्ज केला होता. बेचाळीस मुलं, मुख्याध्यापिका स्वतः, आणि नव्याने आलेली इतिहासाची शिक्षिका, जिने किल्ल्यांवरच मोठी पदवी घेतली होती. साडूंनी अकरा पानं लिहून काढली होती. त्यातली चार राणीच्या बैठकीवर.

माझ्या हातात केसांचा गोळा होता आणि मी मनातल्या मनात सोमवार रंगवत होतो. बेचाळीस जोडी चपला बाहेर काढलेल्या, साडू हात पसरून केस वाळवण्याबद्दल सांगतायत, आणि ती पदवीवाली बाई आधी ओठ चावते, मग भिंतीकडे तोंड करते. खरं सांगतो, मला गुदगुल्या होत होत्या. पंधरा वर्षं जपलेली गोष्ट आयती फळाला येणार होती आणि मला काहीच करायचं नव्हतं.

तेवढ्यात साडूंनी दार ढकलून डोकं आत घातलं. वास आला तसं त्यांनी नाकाला पानं लावली, पण गेले नाहीत.

"साडूभाऊ, एक विचारू? मी बोलत असताना मुलं हसली तर काय करायचं?"

"हसायला काय झालं त्यांना?"

"नाही, तशी हसतात ती मला बघून. सवय आहे त्यांना. एकदा हसू सुरू झालं की मग कुणी ऐकत नाही." ते पानांआडून बघत होते. "तुम्ही कामावर लोकांच्या घरी जाता. तुम्हाला कुणी हसलं तर तुम्ही काय करता?"

पंधरा वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, काम चालू ठेवतो. त्यांनी ते पानाच्या कडेला लिहून घेतलं. मग सोमवारसाठी नवे बूट घेतलेत म्हणाले आणि ते आणायला गेले, दाखवायला. माझ्या हातातून पाणी ठिबकत होतं आणि मला मळमळायला लागलं. गोळा नेहमीचाच होता. मळमळ कसली होती ते मला चांगलं कळत होतं, म्हणूनच ती जास्त त्रास देत होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही किल्ल्यावर गेलो. साडूंना आमच्यावर सराव करायचा होता. त्यांनी नवे बूट घातले होते आणि ते चावत होते हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. राजवाड्याच्या शेवटच्या खोलीत चपला निघाल्या, डबे उघडले, आणि साडूंनी सुरू केलं. आता लक्ष द्या. राणी, न्हाणं, वारा, केस. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. दर वर्षी ऐकते, पण यंदा पहिल्यांदाच तिने त्या ओट्याकडे नीट बघितलं.

"काका, पण दोन भोकं कशाला?"

"एक राणीचं आणि एक तिच्या सखीचं. दोघी शेजारी बसून गप्पा मारायच्या."

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि फिसकन हसली. तिला सगळं कळलं होतं असं नाही, पण कळण्याच्या बेतात होती. एका मुलीला एवढ्यात कळत असेल तर बेचाळीस जणांना किती वेळ लागेल, हा हिशोब मी केला. साडू क्षणभर गडबडले आणि त्यांनी पानाच्या कडेला बघितलं. मग काम चालू ठेवलं. ते बघवेना मला. मी म्हणालो, भाऊ, जरा बाहेर चला माझ्याबरोबर.

तटाच्या बाहेरून एक पाऊलवाट जाते. तिथे कुणी इतिहास बघायला येत नाही, मोकळं व्हायला येतात. नाकाला रुमाल लावूनच चालावं लागतं. खाली ओले कागद, फुटक्या बाटल्या, आणि गवत मात्र तेवढ्याच पट्ट्यात कमरेएवढं आणि हिरवंगार. मी साडूंना त्या खोलीच्या बरोबर खाली उभं केलं. वर तटातून एक दगड पुढे आला होता, खालून पोकळ.

मी विचारलं, हे काय असेल? ते म्हणाले, पावसाचं पाणी जायची वाट. मी म्हणालो, वर छत आहे, पाऊस येणार कुठून?

"भाऊ, तो संडास आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मोरीची जाळी उचलल्यावर माणसं खाली बघतात, तसं.

"तुम्हाला सगळीकडे संडासच दिसतात," ते म्हणाले. रागाने नाही, शिसारी आल्यासारखे. "तुमचाही इलाज नाही. धंदाच तसला."

मी तिथेच सोडणार होतो. मनात म्हटलंही, मर, सोमवारी जाऊन चपला काढायला लाव सगळ्यांना. पण त्यांचे नवे बूट त्या घाणीत रुतले होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हणालो, इथेच थांबा. वर गेलो, जेवणाऱ्यांना जरा उठा म्हणालो. मेहुणी अर्धं अंडं हातात धरून उठली. मी पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून एका भोकात रिकामी केली आणि मग वाकून आत बघितलं. खूप खाली उजेडाचा एक तुकडा होता आणि त्या तुकड्यात साडूंचं वर केलेलं तोंड. पाणी त्यांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर पडलं.

खाली गेलो तेव्हा ते दगडावरचा ओला ओघळ बघत उभे होते. मग हळूच म्हणाले, इतकी वर्षं मी लोकांना चपला काढायला लावतोय. मग म्हणाले, "आईचा फोटो आहे इथला."

"माहीत आहे."

"हसरा तिचा तेवढा एकच आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला कधी कळलं हे?"

हाच तो प्रश्न. उत्तर जिभेवर होतं, दोन शब्दांचं. पण त्या दोन शब्दांमागून म्हातारी येणार होती, डावीकडे सरकत, अजून थोडं, हां, बरोबर मध्यावर.

"आत्ताच," मी म्हणालो. "मुलीने विचारलं ना, दोन भोकं कशाला, तेव्हा डोक्यात आलं."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. ठेवणारच, माझ्यासारख्याला एवढं मोठं खोटं सुचेल असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. न धुतलेला हात. "वाचवलंत मला," ते म्हणाले. मला माझ्या हाताची किळस आली, आणि त्यांनी तो सोडेपर्यंत मी तो ओढून घेतला नाही.

रविवारी ते जेवायलासुद्धा उठले नाहीत. चार पानं फाडून नवी सहा लिहिली. मधूनच मला हाक मारायचे. ढाळ म्हणजे किती? वास वर येऊ नये म्हणून काय करत असतील? मला जे माहीत होतं ते मी सांगितलं, आणि ते लिहून घेत राहिले. मेहुणीला त्यांनी सांगितलं तेव्हा तिने तोंडावर पदर धरला, आणि मग पंधरा वर्षांची सगळी अंडी आठवून खरोखरच बेसिनपाशी धावली. माझी बायको मात्र माझ्याकडे बघत राहिली.

सोमवारी मी सहलीबरोबर गेलो, कारण साडूंनी आग्रह धरला. बेचाळीस मुलं त्या खोलीत मावणार नव्हती, म्हणून त्यांनी निम्मी खाली वाटेवर उभी केली. खिशातून एक छोटी बाटली काढली. प्रयोगशाळेतून आणलेले जांभळे खडे, पाण्यात टाकले की पाणी गर्द जांभळं होतं. साध्या पाण्याला कुठून ओळखणार, ते म्हणाले, रंग दिला की वाट दिसते, आणि धुतलं की जातो. हे मला सुचलं नसतं. मग म्हणाले, आता लक्ष द्या. त्यांनी शब्द न फिरवता संडास म्हटलं आणि वरची सगळी मुलं खदखदून हसली. साडू थांबले नाहीत. ते म्हणाले, हसा, राणीलाही यावंच लागत होतं, आणि भोकात जांभळं पाणी ओतलं. खालून एकच गलका उठला. मग वरची मुलं खाली धावली आणि खालची वर, आणि सगळ्यांना ते परत बघायचं होतं.

पदवीवाल्या बाईने दोन प्रश्न विचारले. साडूंना एकाचं उत्तर आलं. दुसऱ्याचं येत नाही म्हणाले, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. मुख्याध्यापिका म्हणाली, सर, पुढे सांगा. त्यांना कुणी सर म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं, आणि त्यांच्या कानांवरून वाटलं की त्यांनीही नव्हतं. दोन्ही कान लालबुंद झाले होते.

"हे मी शोधलेलं नाही," साडू म्हणाले. "हे माझे साडू. प्लंबर आहेत. पंधरा वर्षं इथे येतायत, माझ्यासारखेच फसले होते. पण परवा त्यांनी बरोबर ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर मला सांगितलं. दुसरा कुणी असता तर मनात ठेवून हसला असता."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या जांभळ्या डागाकडे बघत उभा राहिलो. तोंडात कडू पाणी आलं होतं आणि थुंकायला जागा नव्हती.

घरी आलो, हात धुतले आणि खिळ्याकडे बघितलं तर खिळा रिकामा. मेहुणी बाहेर उभी होती. तो टॉवेल कपाटातल्या फडक्यांच्या पिशवीत टाकला म्हणाली, माझ्याशी थेट बोलत. साडूंनी दारावरचा पांढरा टॉवेल माझ्या हातात दिला. "हा घ्या, घरचाच." सकाळपासून चार जणांनी पुसलेला, दमट, साबणाचा आणि घामाचा वास मारणारा. दुसऱ्या कुणाचा असता तर मी बोटाने धरला नसता. मी त्यात सगळं तोंड खुपसलं.

मंगळवारी सकाळी आम्ही निघणार होतो. बायको बॅग भरत होती. मी चहा घ्यायला बाहेर आलो तर साडू टेबलाशी बसलेले, भिंतीवरचे आणि अल्बममधले सगळे किल्ल्याचे फोटो समोर मांडलेले. फेकायचे नाहीत म्हणाले. बाटलीवर चुकीची चिठ्ठी असेल तर बाटली फेकत नाहीत, चिठ्ठी बदलतात. प्रत्येक फोटोच्या मागे ते आपल्या बारीक अक्षरात खरी माहिती लिहीत होते. मी समोर बसलो.

पाच-सहा फोटो लिहून झाले आणि पेन थांबलं. त्यांनी लिहिलेले फोटो पुन्हा उलटे केले. मग सगळेच ओळीने लावले, पहिल्या वर्षापासून.

"तुम्ही एकातही बसलेले नाही," ते म्हणाले.

"फोटो मीच काढायचो ना."

"जेवतानाचे हिने काढलेत." त्यांनी पिवळं बोट एकेका फोटोवर ठेवलं. सगळे ओट्यावर, आणि दाराच्या चौकटीत पायरीवर मी, हातात ताटली. दुसऱ्यात मी. तिसऱ्यात मी. दर वर्षी थोडा जाड होत गेलेला, पण पायरी तीच. "गुडघा," मी म्हणालो. काल मी तोच गुडघा घेऊन मुलांबरोबर चारदा वरखाली केलं होतं.

दाराच्या वरचा मोठा फोटो त्यांनी शेवटी घेतला. म्हातारी, हसरी, बरोबर मध्यावर. तो त्यांनी बराच वेळ हातात धरला.

"आई सांगायची," ते म्हणाले. "तुझ्या साडूने मला दोनदा सरकवलं म्हणे. फार काळजीने फोटो काढतो म्हणायची."

मी कपाकडे बघत राहिलो. चहावर साय धरली होती. ते बोलतील, विचारतील, निदान शिवी देतील म्हणून मी थांबलो. त्यांनी पेनाला टोपण लावलं, फोटो पालथा ठेवला, मागे काही न लिहिता, आणि उठून आत गेले. आतून त्यांचा आणि मेहुणीचा आवाज आला, दोन-तीन वाक्यं, हळू. मग कपाटाचं दार वाजलं.

बायकोने बॅगेची चेन ओढली आणि म्हणाली, आटप, बस चुकेल. मी बाथरूममध्ये गेलो. पाणी सोडलं, मोरीने ते भराभर ओढून घेतलं, काम चांगलं झालं होतं. साबणाची वेगळी वडी काठावर ठेवलेली होती. खिळ्यावर करडा टॉवेल होता, नीट घडी घालून, लाल टाक्यांचा कोपरा वर करून.

मी हात दोनदा धुतले आणि त्यालाच पुसले.